नियम बदलतो, त्या दिवशी संशोधनाच्या अभ्यासात असलेल्या माणसाचं काय?

प्रति,
केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालय, आरोग्य संशोधन विभाग आणि केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना येथे धोरण आखणारे सर्व अधिकारी

सन्माननीय महोदय आणि महोदया,
सप्रेम नमस्कार.

मी २०११ पासून एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या एथिक्स कमिटीच्या, म्हणजे संस्थात्मक नैतिकता समितीच्या, कार्यालयात काम करते. समितीच्या नोंदणीसाठी तुमच्याकडे जो अर्ज येतो त्यात अध्यक्ष, सदस्य-सचिव, डॉक्टर, कायदेतज्ज्ञ, समाजशास्त्राचे जाणकार, सामान्य नागरिक म्हणून आलेले सदस्य अशा सगळ्यांची नावं आणि पात्रता असते. त्याच अर्जात सहाय्यक कर्मचाऱ्यांसाठी एक रकाना असतो. मी त्या रकान्यात आहे आणि हे पत्र तिथूनच लिहिते आहे.

आमचं काम बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं, म्हणून थोडक्यात सांगते. संशोधनाचा प्रस्ताव आला की आधी तो मी उघडते. प्रोटोकॉल, म्हणजे संशोधनाचा आराखडा, संमतीपत्र, विम्याचा कागद, संशोधकाची पात्रता हे सगळं जागेवर आहे का ते पाहते. संमतीपत्राचं मराठी भाषांतर वाचते आणि ज्याच्यासाठी ते आहे त्याला ते कळेल का, याचा विचार करते. सदस्यांना फोन करून बैठकीला कोरम जमवते. चर्चा टिपून घेते, इतिवृत्त लिहिते, मंजुरीचं पत्र तयार करते, वर्ष उलटलं की संशोधकाकडे प्रगती-अहवालाचा तगादा लावते. एखाद्या ट्रायलमध्ये, म्हणजे माणसांवरच्या औषधाच्या चाचणीत, कुणी दगावलं तर कोणत्या तारखेपर्यंत कुणाचा अहवाल कुठे पोचायला हवा, हे माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिलेलं असतं. तुम्ही काढलेली प्रत्येक अधिसूचना, परिपत्रक आणि शुद्धिपत्रक शेवटी या टेबलावर येऊन पोचतं.

नियम कडक झाले म्हणून मी लिहीत नाही. ते कडक व्हायलाच हवे होते. मी रुजू झाले तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या एचपीव्ही लशीच्या प्रात्यक्षिक प्रकल्पाची चर्चा ताजी होती. खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांतल्या शाळकरी मुलींना ती लस दिली गेली होती आणि २०१० मध्ये सरकारने प्रकल्प थांबवला होता. लस घेतलेल्या काही मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण वसतिगृहात राहणाऱ्या मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांच्या जागी अधीक्षकांनी सह्या केल्याचं उघड झालं, आणि त्याला कसलाही खुलासा पुरेसा नव्हता. मग २०१२ मध्ये औषध मानक नियंत्रण संघटनेच्या कारभारावर संसदेच्या स्थायी समितीचा ५९वा अहवाल आला, त्याच वर्षी स्वास्थ्य अधिकार मंच या स्वयंसेवी संस्थेची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली, आणि २०१३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत औषधांच्या नियमांत एकामागून एक तीन दुरुस्त्या झाल्या. ट्रायलमध्ये इजा झाली तर भरपाई, ट्रायल घेण्याच्या अटी आणि एथिक्स कमिट्यांची सक्तीची नोंदणी. हे सगळं कितीतरी आधी व्हायला हवं होतं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

मला बोलायचं आहे ते या बदलांच्या पद्धतीबद्दल. नियम बदलतो त्या दिवशी देशभर हजारो माणसं कुठल्या ना कुठल्या अभ्यासात मध्यावर असतात. कुणाला कालच पहिला डोस मिळालेला असतो, कुणाची तिसरी फेरी उद्या असते. त्यांच्याशी जुन्या नियमांनुसार एक करार झालेला असतो, आणि तो निभावण्याची जबाबदारी समितीने शिक्का मारून घेतलेली असते. नव्या नियमाच्या कागदावर या माणसांसाठी बहुतेक वेळा एक ओळही नसते. त्यांचं काय करायचं हे मग ज्याच्या त्याच्या टेबलावर ठरतं, आणि प्रत्येक टेबलावर वेगळं ठरतं.

२०१३ च्या नोव्हेंबरमधली गोष्ट सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सूचना आली की ट्रायलमध्ये प्रत्येक सहभागीची संमती घेताना दृकश्राव्य चित्रण करायचं आणि गोपनीयता पाळून ते जतन करायचं. हेतू अगदी योग्य होता. कागदावर अंगठा घेऊन मोकळं होणाऱ्यांना त्याने चाप बसणार होता. पण आमच्याकडे त्या दिवशी ट्रायल चालू होत्या, रुग्ण ओपीडीत बसलेले होते आणि कॅमेरा नव्हता. कॅमेरा आणला. मग खोली शोधली, कारण ओपीडीच्या गर्दीत चित्रण केलं तर मागे बसलेल्या रुग्णांचे चेहरेही येत होते. पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागताच पदर चेहऱ्यावर ओढून घेतला आणि विचारलं, “हे कुठं दाखवणार?” संशोधक डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. गोपनीयता पाळा असं आदेशात होतं. ती चित्रफीत कोण पाहू शकतं, किती वर्षं ठेवायची, कुलपाची किल्ली कुणाकडे, बाईंनी नको म्हटलं तर त्यांना ट्रायलबाहेर ठेवायचं का, यातलं काही नव्हतं. त्या बाईंना मी खरं तेच सांगितलं, की आम्हालाही अजून पुरतं माहीत नाही. त्या उठून गेल्या. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मार्गदर्शक सूचनांचा मसुदा त्यानंतर, २०१४ च्या सुरुवातीला आला. पुढे जुलै २०१५ मध्ये नियमच बदलला. आता चित्रण फक्त नव्या रासायनिक किंवा रेणवीय घटकांच्या ट्रायलमध्ये, आणि तेही असुरक्षित गटातल्या सहभागींपुरतं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांच्या ट्रायलमध्ये फक्त आवाज नोंदवायचा, चेहरा नको. ती शेवटची तरतूद वाचताना मला त्या बाईंचा पदर आठवला. चेहऱ्याचा विचार कुणीतरी केला होता. तो पहिल्या दिवशी झाला असता तर? दीड-पावणेदोन वर्षांत आमची कार्यपद्धतीची पुस्तिका, म्हणजे एसओपी, आम्ही तीनदा लिहिली. कपाटातल्या जुन्या चित्रफितींचं काय करायचं ते मात्र कुणीच सांगितलं नाही.

त्याच काळात एका संशोधकाने एका वेळी तीनपेक्षा जास्त ट्रायल घ्यायच्या नाहीत, असं बंधन २०१४ मध्ये आलं. ऑगस्ट २०१६ मध्ये ते निघालं, आणि ट्रायलसाठी रुग्णालयात पन्नास खाटा हव्यात ही अटही गेली. किती ट्रायल झेपतील, रुग्णालय पुरेसं आहे का, हे आता समितीने ठरवायचं. विश्वास दाखवलात याबद्दल आभार. पण एक आकडा काढून त्या जागी आमचा विवेक ठेवला, तेव्हा तो विवेक वापरायला लागणारा वेळ, साइटला, म्हणजे ट्रायल चालते त्या ठिकाणाला, भेट देण्याचा खर्च आणि माणूस कुठून येणार याचा विचारही सोबत यायला हवा होता. संशोधक आपल्याच संस्थेतले विभागप्रमुख असतात. त्यांना “तुम्हाला चौथी ट्रायल झेपणार नाही” असं सांगायला आकड्याचा आधार होता तेव्हा सोपं होतं.

आता ज्या कामात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ वाटतं त्याबद्दल. ट्रायलमध्ये मृत्यू झाला, तर संशोधकाने २४ तासांत कळवायचं, १४ दिवसांत सविस्तर विश्लेषण द्यायचं, आणि समितीने आपलं मत, भरपाई द्यावी का आणि किती यासकट, ३० दिवसांत पाठवायचं. सुरुवातीला समितीला २१ दिवस होते, नंतर ३० झाले. भरपाईचं सूत्र नियमांतच आहे. मूळ रक्कम आठ लाख, तिला वयानुसारच्या घटकाने आणि जोखमीच्या घटकाने गुणायचं आणि ९९.३७ ने भागायचं. वयाचा घटक तक्त्यात मिळतो. जोखमीचा घटक ०.५ पासून ४ पर्यंत. सहा महिन्यांहून जास्त जगण्याची शक्यता नव्हती अशा रुग्णाला ०.५, निरोगी स्वयंसेवकाला ४, आणि मधल्या पायऱ्या दुखण्याच्या गंभीरतेवर.

हे सूत्र चांगलं आहे. पूर्वी एखाद्या कुटुंबाला काय मिळेल हे स्पॉन्सरच्या, म्हणजे ट्रायलचा खर्च करणाऱ्या कंपनीच्या, मर्जीवर असायचं, आता तसं नाही. पण तो जोखमीचा आकडा टेबलाभोवती बसलेली माणसं ठरवतात. आमच्याकडच्या एका बैठकीत घटक १ धरायचा की २, यावर पाऊण तास चर्चा झाली. एका आकड्याने कुटुंबाला मिळणारी रक्कम दुप्पट होणार होती. सामान्य नागरिक म्हणून समितीवर असलेले एक निवृत्त शिक्षक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “हा आकडा आपण ठरवतो आहोत, तो कसा ठरवायचा हे आपल्याला कुणी शिकवलं?” खोलीत कुणी उत्तर दिलं नाही. कर्करोगतज्ज्ञ सदस्य बाहेरगावी होते, फोनवर जोडले होते, मुदतीचे चार दिवस उरले होते. आम्ही निर्णय घेतला. तो बरोबर होता असं मला वाटतं, पण तुमच्याकडून आधी झालेल्या निर्णयांचे, नावं वगळून, काही नमुने आमच्यापुढे असते तर त्या वाटण्याला आधार मिळाला असता. सूत्र बदलताना ते कसं वापरायचं याचं प्रशिक्षण त्याच आदेशाबरोबर यायला नको का?

१९ मार्च २०१९ रोजी ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम’ आले. बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा एका जागी आल्या. समितीत किमान सात सदस्य, त्यातले निम्मे संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचेच, किमान एक महिला, एक सामान्य नागरिक, एक कायदेतज्ज्ञ. मी ते नियम रात्री जागून वाचले आणि खूष झाले होते. त्याच नियमांच्या चौथ्या प्रकरणाने मात्र आमचं घर दोन चुलींवर आणलं. औषधांच्या ट्रायल पाहणाऱ्या समितीची नोंदणी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे, ‘सुगम’ पोर्टलवर. जैववैद्यकीय आणि आरोग्य संशोधन पाहणाऱ्या समितीची नोंदणी आरोग्य संशोधन विभागाकडे, ‘नैतिक’ पोर्टलवर. समिती तीच, सदस्य तेच, टेबलही तेच. पण अर्ज दोन, कागदपत्रं दोन वेळा, मुदतीही वेगवेगळ्या. एका ठिकाणी पाच वर्षांची नोंदणी, दुसऱ्या ठिकाणी आधी दोन वर्षांची तात्पुरती आणि मग पुढची. एक सदस्य सोडून गेला की दोन्हीकडे कळवायचं. एकीकडे बदल मान्य झाला आणि दुसरीकडे प्रलंबित असला तर त्या महिन्यात बैठक घ्यायची का? समजा घेतली, आणि नवे सदस्य मतदानात असले, तर मंजुरी एका कायद्याने वैध आणि दुसऱ्याने संशयास्पद. असे प्रसंग आमच्यावर आले आहेत. आम्ही दोन्ही कार्यालयांना पत्र लिहिलं आणि वाट पाहिली. तोवर पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंधांचे प्रस्ताव कपाटात पडून राहिले.

हेच विद्यार्थी प्रबंधासाठी बाजारात असलेल्या औषधाची वेगळ्या मात्रेत चाचणी घेऊ पाहतात. ही शैक्षणिक ट्रायल, की परवानगी लागणारी ट्रायल? शंका असेल तर समितीने ३० दिवसांत केंद्रीय प्राधिकरणाला कळवायचं. शंका ओळखायची कुणी? प्रस्ताव आधी उघडते ती व्यक्ती, म्हणजे मी. आणि ज्या लहान रुग्णालयांची स्वतःची समिती नाही, त्यांना त्याच शहरातल्या किंवा ५० किलोमीटरच्या परिघातल्या समितीकडे जाता येतं. तरतूद योग्यच आहे. आमच्या टेबलावरच्या फायली त्यामुळे वाढल्या, टेबल आणि माणसं तेवढीच राहिली.

याच वर्षांत एक बदल असाही झाला की ज्याचं मी आजही उदाहरण देते. एप्रिल २०२०. टाळेबंदी होती, बैठका अशक्य होत्या आणि कोविडवरच्या संशोधनाचे प्रस्ताव रोज येत होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, महामारीच्या काळात समित्यांनी काम कसं करावं याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या समित्यांना उद्देशूनच लिहिलेल्या होत्या. ऑनलाइन बैठक कशी घ्यावी, तातडीची छाननी कशी करावी, विलगीकरणातल्या रुग्णाची संमती कागदाला हात न लावता कशी नोंदवावी, चालू अभ्यासांचं काय करावं, हे सगळं त्यात होतं. मी ते घरी बसून वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली ऑनलाइन बैठक बोलावली. इतक्या अडचणीच्या काळात, इतक्या कमी दिवसांत हे करता आलं. म्हणजे इतर वेळीही करता येईल, असा माझा विश्वास आहे.

त्याच वर्षीचा सप्टेंबर मात्र वेगळा होता. परदेशी निधीचं नियमन करणाऱ्या एफसीआरए कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवायला पूर्ण मनाई झाली. त्या कायद्याच्या उद्देशाबद्दल बोलायचा माझा अधिकार नाही. तो कायदा तुमच्या मंत्रालयाचा नाही, हेही मला माहीत आहे. पण वस्तीपातळीवरचं आरोग्य संशोधन असंच चालत होतं. मोठी संस्था निधी घेई, छोटी स्थानिक संस्था घरोघर जाई. आमच्या समितीने मंजूर केलेल्या पाठपुराव्याच्या एका अभ्यासात, संमतीपत्रावर वाक्य होतं: “पुढची दोन वर्षं दर तीन महिन्यांनी आमच्या कार्यकर्त्या तुमच्या घरी येतील, रक्त तपासतील आणि काही बिघाड आढळला तर तुम्हाला दवाखान्यात पोचवतील.” दुरुस्तीनंतर छोट्या संस्थेचे पैसे थांबले आणि कार्यकर्त्या जायच्या थांबल्या. संशोधकांनी आम्हाला अभ्यास बंद करत असल्याचं एका परिच्छेदाचं पत्र दिलं. संशोधनाच्या दृष्टीने अभ्यास बंद झाला. पण त्या वाक्याखाली आमचा शिक्का होता आणि घराघरांत त्या कागदाची प्रत होती. काही बायकांचं हिमोग्लोबिन शेवटच्या भेटीत धोक्याच्या पातळीला होतं. त्यांची नावं महाविद्यालयाच्या ओपीडीशी जोडून द्यायला आम्हाला सहा आठवडे लागले, आणि ते आम्ही कुठल्या नियमाखाली केलं असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

पुढे २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत एका आदेशाने गोठवली तेव्हा जगभर हेच मोठ्या प्रमाणावर झालं. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्ही टाळण्यासाठीच्या योनिमार्गातल्या रिंगची चाचणी चालू होती. स्त्रियांच्या शरीरात ती रिंग होती आणि काम थांबवण्याचा आदेश आला. ती बातमी वाचताना त्या चाचणीला मंजुरी देणाऱ्या समितीतल्या, माझ्यासारखंच काम करणाऱ्या कुणाची तरी ती रात्र कशी गेली असेल, हेच माझ्या मनात येत राहिलं. निधी देणं न देणं हा सरकारचा अधिकार आहे. शरीरात घातलेली वस्तू काढून घेणं, सुरू केलेलं औषध सुखरूप थांबवणं, हे मात्र त्या अधिकाराच्या आधी येतं. जगात कुठलंही सरकार असो.

अलीकडच्या दोन-तीन वर्षांत बदलांचा वेग आणखी वाढला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि युरोपीय संघात मान्यता मिळालेल्या काही प्रकारच्या औषधांना इथल्या ट्रायलमधून सूट मिळाली. दुर्मीळ आजारांच्या रुग्णांसाठी हे गरजेचंच होतं. त्याच वर्षी माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणाऱ्या हेलसिंकी घोषणापत्राची नवी आवृत्ती आली. २०२५ च्या जानेवारीत उत्तम क्लिनिकल पद्धतींच्या (जीसीपी) आंतरराष्ट्रीय नियमावलीची, आयसीएच ई-६ ची, तिसरी सुधारित आवृत्ती स्वीकारली गेली. स्पॉन्सरच्या कागदांवर आता तिचा उल्लेख असतो, आणि आपली स्वतःची जीसीपी मार्गदर्शिका २००१ ची आहे. दोन्हींत फरक दिसला तर मी कुठल्या बाजूने टिपण लिहायचं?

सगळ्यात मोठा प्रश्न विदेचा, म्हणजे लोकांच्या माहितीचा आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम २०२५ मध्ये आले. संशोधनाला कायद्यात सूट आहे. अट अशी की त्या माहितीवरून त्या व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेली मानकं पाळायची. वैद्यकीय संशोधनात नेमकं इथेच अडतं. साठवलेल्या नमुन्यात गंभीर आजाराची खूण सापडली तर त्या माणसाला कळवणं हे नैतिक कर्तव्य. पण कळवणं म्हणजेच त्याच्याबद्दल निर्णय घेणं ठरेल का? मुलांबाबत कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना एकाच पंक्तीत बसवतो. आयसीएमआरची मार्गदर्शिका मात्र सात वर्षांच्या मुलाचीही तोंडी मान्यता घ्यायला सांगते आणि बारा वर्षांनंतर लेखी. मानसिक आरोग्य सेवा कायद्याची संशोधनाबाबतची कलमं वेगळीच. संमती देऊ न शकणाऱ्या रुग्णासाठी तिथे राज्य प्राधिकरणाची परवानगी लागते. हे सगळे कायदे आपापल्या जागी बरोबर आहेत. ते एकत्र येतात ते एका संमतीपत्रावर, आणि ते संमतीपत्र दोन पानांत मावून चौथी शिकलेल्या माणसाला कळायला हवं.

आता थोडं सहाय्यक कर्मचाऱ्यांच्या त्या रकान्याबद्दल. सदस्यांची पात्रता नियमांत आहे. त्यांना बैठकीचं मानधन मिळतं. आयसीएमआरची मार्गदर्शिका सांगते की संस्थेने समितीला कार्यालय आणि कर्मचारी द्यावेत. पण या कर्मचाऱ्याचा हुद्दा काय, त्याला काय यायला हवं, किती फायलींमागे किती माणसं, हे कुठेच बांधलेलं नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी ही जागा अकरा महिन्यांच्या करारावर भरली जाते. गेल्या काही वर्षांत मी ज्यांच्याबरोबर प्रशिक्षणं घेतली त्यातल्या किती तरी जणी आता हे काम करत नाहीत. कुणी स्पॉन्सरच्या बाजूला गेल्या, कारण तिथे पगार दुप्पट होता. प्रत्येक वेळी नवा नियम नव्या माणसाच्या टेबलावर पडतो. एसओपी, जुने वाद, कुठल्या साइटवर कशाकडे लक्ष ठेवायचं ही समज, हे सगळं त्या जाणाऱ्या माणसाबरोबर जातं. आणि कराराचं नूतनीकरण ज्यांच्या सहीने होतं त्यांच्याच विभागाच्या प्रस्तावावर “हे कागद अपुरे आहेत” असा शेरा लिहायचा असतो. मी तो लिहिते. पण प्रत्येकीने लिहावा अशी अपेक्षा ठेवायची तर तिच्या पायाखाली काहीतरी घट्ट हवं.

तर मागणं असं आहे. पुढची कुठलीही अधिसूचना काढाल तेव्हा तिच्यात एक परिच्छेद चालू अभ्यासांसाठी ठेवा. जे लोक आधीच दाखल आहेत त्यांना नवा नियम लागू होतो का, कधीपासून, त्यांची संमती पुन्हा घ्यायची का, आणि अभ्यास थांबवावा लागला तर त्यांच्या उपचारांची जबाबदारी कुणाची आणि किती दिवस, हे त्यात असू द्या. दोन नोंदण्या एक करा. ते लगेच शक्य नसेल तर निदान ‘सुगम’वर दिलेला कागद ‘नैतिक’वर दिसेल अशी सोय करा. नियम आणि त्याची अंमलबजावणी यांत समित्यांना तयारीला निश्चित अवधी द्या, आणि २०२० मध्ये दिलं तसं मार्गदर्शन नियमाबरोबरच द्या. भरपाईची, गोपनीयतेची, अभ्यासातून बाहेर पडण्याच्या हक्काची प्रमाण वाक्यं मराठीसह प्रत्येक भारतीय भाषेत तुम्हीच तयार करून द्या. आज प्रत्येक समिती ती आपापली भाषांतरित करते, आणि मी पाहिलेल्या काही भाषांतरांत भरपाईचा हक्क ‘मिळू शकते’ इतका पातळ झालेला असतो. मसुद्यावर हरकती मागवता तेव्हा नोंदणीकृत समित्यांच्या ईमेल पत्त्यांवर तो मसुदा थेट पाठवा. पत्ते तुमच्या दोन्ही पोर्टलांवर आहेत. आणि समितीच्या नोंदणीच्या अटींत पूर्णवेळ, प्रशिक्षित आणि संशोधकांच्या विभागापासून स्वतंत्र अशा समन्वयकाचं पद घाला.

तुमच्यापैकी कुणी कधी एखाद्या समितीच्या कार्यालयात एक पूर्ण दिवस बसायला आलात तर बरं होईल. पाहणीसाठी येता तेव्हा आम्ही फायली लावून ठेवतो. तसं नको, नेहमीच्या दिवशी या.

आमच्या पुढच्या बैठकीत एक प्रस्ताव आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका अभ्यासात शाळकरी मुलांचे रक्तनमुने घेतले होते. ते आजही फ्रीझरमध्ये आहेत. पालकांनी तेव्हा पुढील संशोधनासाठी संमती दिली होती. ती मुलं आता सज्ञान आहेत, आणि संशोधकांना त्या नमुन्यांवर जनुकीय तपासणी करायची आहे. नमुन्यांबरोबरची माहिती आता संगणकावर आहे. नव्या डेटा कायद्यानुसार पालकांची जुनी संमती पुरेशी आहे का, की त्या प्रत्येकाला शोधून पुन्हा विचारायचं, हे मी तुमच्या दोन्ही कार्यालयांना लेखी विचारलं आहे. सदस्यांना कागद बैठकीच्या दहा दिवस आधी पाठवते. तोवर तुमचं उत्तर आलं, तर ते मी अजेंड्याला जोडेन.

आपली विश्वासू,
एका नैतिकता समितीची समन्वयक